नवख्या मॉडेलचं आउटडोअर शूट: या चुका टाळा

फोटोत मॉडेल अवघडलेली दिसली की फोटोग्राफर पटकन म्हणतो, ‘तिला कॅमेऱ्याची सवय नाही.’ सवय नसणारच, पहिलंच शूट आहे. पण ताठ मान, आवळलेल्या मुठी आणि ओढूनताणून आणलेलं हसू यांचं मूळ बहुतेक वेळा आपल्या सूचनांत असतं. त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची.

सगळ्यात नडणारं वाक्य म्हणजे ‘नॅचरल राहा’. समोर लेन्स, बाजूला बघे, अंगावर ठेवणीतली साडी. अशा वेळी या दोन शब्दांचं त्या मुलीने करायचं काय? तिला कृती द्या. ‘त्या खांबापर्यंत चालत जा, वळ आणि माझ्याकडे बघ.’ ‘पदर खांद्यावर नीट घे.’ शरीर कामात गुंतलं की चेहरा आपोआप सैल होतो. ‘हस’ असंही सांगू नका, दातच दिसतील. तिच्याशी बोला, तिला तिच्या विषयावर बोलतं करा. हसू फुटल्यावर ते ओसरत असतानाचा क्षण टिपा, डोळे तेव्हाच खरे दिसतात.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. ‘उजवीकडे वळ’ म्हटलं की कुणाची उजवी, यातच तिचा अर्धा जीव जातो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर असाल तर ‘नाक समुद्राकडे, खांदा मलबार हिलकडे’ असं सांगा. त्याहून सोपं म्हणजे स्वतः करून दाखवा. आपण तिच्यासमोर उभे असतो, त्यामुळे आरशात बघितल्यासारखं तिला लगेच जमतं. मात्र पोझ सुधारायला हात लावू नका. बट बाजूला करायची असली तरी आधी विचारा किंवा तिच्यासोबत आलेल्या मैत्रिणीला सांगा. सोबत कुणीतरी घेऊन ये, हे आपणच आधी सुचवावं.

‘हनुवटी खाली’ एवढंच सांगितलं तर गळ्याला वळी पडते. ‘कपाळ किंचित माझ्याकडे आण, मग हनुवटी जराशी खाली’ असं म्हणा. तिला ते विचित्र वाटेल, पण समोरून जबड्याची रेघ स्वच्छ दिसते. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर ती कवायतीला उभी असल्यासारखी वाटते. भार मागच्या पायावर घ्यायला लावा, कंबर आणि खांदे आपसूक मोकळे होतात. हातांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. पदराचं टोक, ओढणी, कटिंगचा ग्लास, काहीही द्या. फक्त घट्ट धरू देऊ नका. खांदे कानाकडे चढले असतील तर मोठा श्वास घेऊन सोडायला सांगा आणि सोडतानाच क्लिक करा.

डोळे बारीक होत असतील तर दोष उन्हाचा. दुपारी बाराचं ऊन डोळ्यांखाली काळ्या खोबणी पाडतं. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली, सावलीच्या कडेला, चेहरा उजेडाकडे करून उभं करा. मरीन ड्राइव्हवर सकाळी सूर्य इमारतींमागून वर येतो, म्हणून लवकर गेलात तर मऊ उजेड मिळतो. संध्याकाळी तिथेच सूर्य समोर समुद्रावर असतो. तेव्हा तिला डोळे मिटायला सांगा, तीन आकडे मोजा आणि उघडल्याबरोबर फोटो घ्या. उजेड परतवणारा चंदेरी रिफ्लेक्टर डोळ्यांवर मारू नका, पांढरा थर्माकोल पुरतो. मुंबईच्या दमटपणात घाम येणारच. टिशूने तो टिपायचा, पुसायचा नाही, नाहीतर मेकअप जातो.

लेन्सचीही एक अडचण आहे. ३५ एमएमने, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने, अगदी जवळून चेहरा घेतला की नाक मोठं दिसतं आणि तो फोटो बघून नवखी मुलगी खचते. ८५ एमएम चेहऱ्याला न्याय देते, पण लांब उभं राहावं लागतं. मध्ये माणसं येतात, ओरडून सूचना द्याव्या लागतात आणि ती बिचकते. त्यामुळे गर्दीत ५० एमएम मला जास्त सोयीची वाटते.

जागेबद्दल थोडक्यात. रविवारी संध्याकाळी गेटवेवर पहिलं शूट ठेवू नका. बॅलार्ड इस्टेटचे रस्ते रविवारी सकाळी बरेच शांत असतात. खोताची वाडी म्हणजे लोकांची राहती घरं, कुणाच्या ओट्यावर बसवायचं तर आधी परवानगी घ्या. बँडस्टँडच्या शेवाळलेल्या खडकांवर नवख्या मुलीला उतरवू नका, भरतीच्या वेळी तर मुळीच नाही.

आणि स्क्रीन बघताना गप्प बसू नका. आपण एक्स्पोजर तपासत असतो, तिला वाटतं आपलंच चुकलं. ‘उजेड बघतोय, तू छान उभी आहेस’ एवढं बोललं तरी पुरतं. पहिल्या काही मिनिटांतले फोटो हात बसण्यासाठी धरा, ते दाखवू नका. एक चांगला आला की लगेच दाखवा, पुढची पोझ ती स्वतः सुचवू लागेल. कोणते फोटो इन्स्टावर टाकायचे, हे घरी जाण्याआधी तिच्याशी बोलून ठरवा.