हँडिकॅप लावून बरोबरीची लढत कशी जुळवावी

गोल्फमध्ये एक जण ७९ फटक्यांत फेरी संपवतो, दुसऱ्याला ९२ लागतात. तरीही या दोघांची चुरशीची लढत लावता येते. त्यासाठी २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आहे; हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत. ॲप आकडा काढून देतंच, पण हे गणित एकदा हाताने करून पाहा; म्हणजे आकडा का वाढला, का उतरला, हे कळतं.

आधी स्कोअरकार्डं जमवा. पहिल्या इंडेक्ससाठी (इंडेक्स म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा) ५४ होल पुरतात, म्हणजे १८ होलच्या ३ फेऱ्या. सोबत निदान एक जण हवा; एकट्याने खेळलेली फेरी धरत नाहीत.

फुगलेले होल छाटा. दोन चेंडू पाण्यात गेले आणि पार ४ च्या होलवर (पार म्हणजे त्या होलसाठी अपेक्षित फटके) ११ फटके झाले, तर ते सगळे हँडिकॅपसाठी मोजत नाहीत. त्या होलची कमाल मर्यादा म्हणजे पार अधिक २ अधिक तिथे मिळणारे फटके. कोर्स हँडिकॅप (त्या मैदानावर, म्हणजे कोर्सवर, मिळणारे एकूण फटके) २२ असेल तर प्रत्येक होलवर १ फटका मिळतो आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम, १ सर्वांत अवघड) १ ते ४ च्या होलवर आणखी १. अशा अवघड होलवर ११ च्या जागी ८ लिहायचे. इंडेक्स अजून मिळालाच नसेल तर मर्यादा पार अधिक ५.

मग फरक काढा. छाटलेल्या बेरजेतून कोर्स रेटिंग वजा करा, ११३ ने गुणा, स्लोप रेटिंगने भागा. बेरीज ९५, कोर्स रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२६ असेल तर २३.८ × ११३ ÷ १२६ = २१.३. (त्या दिवशी हवामानाने सगळ्यांचेच स्कोअर बिघडले असतील, तर त्याची दुरुस्ती पद्धत स्वतःच करते.) कोर्स रेटिंग म्हणजे तिथे अव्वल खेळाडूला किती फटके लागावेत. स्लोप सांगतो की त्याच्या तुलनेत साधारण खेळाडूला तो कोर्स किती जास्त छळतो. कमीत कमी ५५, जास्तीत जास्त १५५. ११३ हा प्रमाण कोर्स. दोन्ही आकडे प्रत्येक टीचे (जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या जागेचे) वेगळे असतात, म्हणून पांढऱ्या टीवरून खेळून पिवळ्याचे आकडे लावले की सगळंच चुकतं.

शेवटच्या २० फरकांतले सर्वांत कमी ८ घ्या. त्यांची सरासरी म्हणजे इंडेक्स. तीनच कार्डं असतील तर सर्वांत कमी फरकातून २ वजा करतात. इंडेक्सचा अर्थ लावतानाच बहुतेकांची गल्लत होते. हा आकडा तुमचा नेहमीचा खेळ सांगत नाही, तुमची कुवत सांगतो. त्यामुळे बहुतेक फेऱ्यांत त्याहून वाईट खेळ होणार, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

लढतीच्या दिवशी इंडेक्स त्या कोर्सला जुळवा: इंडेक्स × स्लोप ÷ ११३, त्यात कोर्स रेटिंग व पार यांचा फरक मिळवा. वरच्याच कोर्सवर पार ७२ असेल तर २०.४ इंडेक्सवाल्याला कोर्स हँडिकॅप २२ आणि ६.१ वाल्याला ६. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याची लढत) दोघांच्या हँडिकॅपमधला पूर्ण फरक द्यायचा: १६ फटके, स्ट्रोक इंडेक्स १ ते १६ च्या होलवर एकेक. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटक्यांची लढत) ९५ टक्केच धरतात, कारण मोठ्या हँडिकॅपवाल्यांचा खेळ जास्त वरखाली होतो आणि गर्दीच्या स्पर्धेत त्यांच्यातल्या कुणाचा तरी दिवस फळतोच. ९५ टक्क्यांनी वरच्या दोघांचे २१ आणि ६ होतात. हे वजा केले की ७९ चे नेट ७३, ९२ चे नेट ७१. जिंकला ९२ वाला, आणि रास्तच जिंकला.

हे सगळं मोडतं ते कार्डं लपवल्याने. चांगली फेरी दडवणारा हँडिकॅप फुगवून इतरांचं बक्षीस पळवतो, ही सरळ लबाडी आहे. वाईट फेरी दडवणारा मिरवण्यासाठी हँडिकॅप कमी ठेवतो आणि जोडीच्या सामन्यात साथीदाराला बुडवतो. पद्धतीने काही कुंपणं घातली आहेत. वर्षभरातल्या नीचांकी इंडेक्सपेक्षा ३ ने वर गेलात की पुढची वाढ निम्मी होते, ५ नंतर थांबते. इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी सरस फेरी झाली तर इंडेक्समधून लगेच १ जादा कापतात, १० किंवा जास्त असेल तर २. पण न भरलेलं कार्ड कोणत्याच सूत्राला दिसत नाही. म्हणून फेरी सुरू होण्याआधीच ती नोंदवायची की नाही हे ठरवा, आणि स्कोअर त्याच दिवशी भरा.