घोड्याचे बिट निवडताना या चुका टाळा

घोडा थांबत नाही, हातात राहत नाही, की बहुतेक स्वार आधी बिट (लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा भाग) बदलतात आणि आणखी कडक बिट आणतात. सगळ्यांत मोठी चूक हीच.

बिट बसते ती जागा नीट पाहा. खालच्या जबड्यावर पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी पट्टी असते. तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर तेवढा असतो. मधली जागा जीभ व्यापते, वर लगेच टाळू. घोडा मान उडवतो, तोंड वासतो, जीभ बिटच्या वर काढतो, तेव्हा बरेचदा तिथेच दुखत असते. दुखण्यापासून पळणे हा घोड्याचा स्वभाव आहे. म्हणून कडक बिटने काही दिवस थांबणारा घोडा पुढे आणखी जोर करू लागतो.

तेव्हा खरेदीआधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. दाढांच्या कडा धारदार झालेल्या असतील, तर कुठलेही चांगले बिट लावा, गाल आतून सोलला जाणारच. काही घोड्यांना दाढांपुढे वुल्फ टूथ हा छोटा दात असतो, त्यावर बिट आदळते. अडीच ते पाच वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडत असतात. या वयात तो अचानक लगाम नाकारू लागला, तर त्याला हट्टी ठरवू नका. पाठ आणि खोगीरही याच वेळी पाहून घ्या.

बाहेर रक्त दिसत नाही म्हणून तोंड ठीक आहे, असे तर मुळीच धरू नका. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर 261 ट्रॉटर (दुडक्या चालीच्या शर्यतीत धावणाऱ्या) घोड्यांची तोंडे तपासली, तेव्हा 84 टक्के घोड्यांना बिटच्या जागी ताज्या जखमा होत्या. तोंडाबाहेर रक्त दिसले ते फक्त 2 टक्क्यांना. बिट काढल्यावर ओठांचे कोपरे आतून पाहा, हिरडी आणि जीभही पाहा. एक मिनिटाचे काम आहे.

माप अंदाजाने घेणे

बिट बसते तिथून तोंडातून दोरी घाला आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी खूण करा. बहुतेक घोड्यांना 4.5 ते 5.5 इंचांचे बिट लागते. बिटच्या टोकाची कडी सैल फिरणारी असेल, तर दोन्ही बाजूंना साधारण 5 मिलिमीटर मोकळे ठेवा. कडी पक्की असेल, तर ती ओठांना हलकी टेकलेली चालते. अरुंद बिट ओठ चिमटते. रुंद बिट इकडून तिकडे सरकते आणि एका सांध्याचे असेल तर मध्ये लोंबते.

उंचीसाठी ओठांवर दोन सुरकुत्या हव्यात, हा नियम सरसकट लावू नका. मांसल ओठांवर सुरकुत्या लगेच पडतात, पातळ ओठांवर नाही. बिट कोपऱ्याला हलके टेकावे, सुळ्याला लागू नये.

जाड म्हणजे सौम्य, असे समजणे

हा गैरसमज फार पसरला आहे. जाड बिटचा दाब पसरतो हे खरे, पण तेवढी जागा तोंडात हवी ना! जीभ जाड आणि टाळू खाली असेल, तर अशा बिटने घोड्याला तोंड मिटताच येत नाही. अशा घोड्याला 18 मिलिमीटरपेक्षा 14 मिलिमीटरचे बिट अनेकदा जास्त सोसते. दोन सांध्यांचे बिट घेताना मधली पट्टीही निरखा. फ्रेंच लिंक या प्रकाराची पट्टी जिभेवर सपाट बसते, डॉक्टर ब्रिस्टल या प्रकाराची कड जिभेत रुतते. दुकानात दोन्ही सारखीच दिसतात.

पेलहॅम लावून सुटलो असे मानणे

पेलहॅम किंवा कर्ब म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असलेले बिट; ते तरफेसारखे चालते: खालची दांडी जितकी लांब, तितका हाताचा जोर वाढून तोंडात आणि डोक्यामागे पोहोचतो. कर्ब चेन, म्हणजे या बिटची साखळी, हनुवटीच्या खोबणीत सपाट बसवा. दांडी साधारण 45 अंश मागे आल्यावर चेन ताणली जावी. ज्याचा हात अजून स्थिर नाही, त्याने हे बिट वापरूच नये. तोंड उघडते म्हणून नाकपट्टी आवळणे तर आणखी वाईट: दुखणे तसेच राहते आणि ते सांगायची वाटही बंद होते. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटे सहज जायला हवीत.

बिट बदलले, की त्याच दिवशी खोगीर, नाकपट्टी किंवा सरावाची पद्धत बदलू नका. फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. आधी शांत चालीवर काही दिवस पाहा. रबराच्या बिटला दातांचे चावे दिसले, तांब्याच्या बिटची कड खरखरीत लागली, तर ते लगेच बाद करा.