तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठी लेखी हरकत कशी तयार करावी

किनाऱ्यालगत तेलशुद्धीकरण कारखाना प्रस्तावित झाला, तर पर्यावरण मंजुरीचा निर्णय होण्याआधी स्थानिकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहे. सुनावणीत मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याची नोंद होऊन त्यावर प्रकल्पचालकाला उत्तर द्यावे लागते आणि ती नोंद केंद्राच्या तज्ज्ञ समितीपुढे जाते. मुद्दा जितका नेमका, तितके त्याला गोलमाल उत्तर देणे अवघड. म्हणून भाषणाआधी लेखी हरकतीची तयारी करावी.

आपल्या प्रकल्पाला जनसुनावणी लागू आहे का, हे प्रथम पाहावे. 16 जानेवारी 2020 च्या दुरुस्तीने तेल व वायूच्या केवळ शोधासाठी खणल्या जाणाऱ्या विहिरी ‘ब-2’ वर्गात गेल्या आणि त्यांच्यासाठी सुनावणीची अट उरली नाही. अधिसूचनेत काही औद्योगिक वसाहतींमधील प्रकल्पांनाही सूट आहे. प्रकल्पाचा वर्ग आणि अर्जासोबतची कागदपत्रे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात.

सुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते आणि लोकांना किमान 30 दिवसांची मुदत मिळावी लागते. जाहिरातीचे कात्रण तारखेसह जपून ठेवावे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाचे पर्यावरणावर होणारे परिणाम मांडणारा, मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात पाहण्यास उपलब्ध असावा लागतो. तो नसेल, तर त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. मराठीत मिळतो तो सारांश. महत्त्वाचे तक्ते आणि नकाशे मात्र मूळ इंग्रजी अहवालात असतात, त्यामुळे गावातील महाविद्यालयीन मुलामुलींना सोबत घेऊन मूळ अहवालच वाचावा.

वाचताना सर्वांत जास्त वेळ सद्यस्थितीच्या प्रकरणाला द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हवा, पाणी, माती आणि जीवसृष्टी यांची ही नोंद सामान्यतः पावसाळा वगळून एका ऋतूची, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची असते. कोकणातील कातळसड्याच्या, म्हणजे उघड्या जांभ्या कातळाच्या पठाराच्या, बाबतीत ही मोठी उणीव ठरते. मार्चमध्ये काळाठिक्कर आणि उजाड दिसणारा सडा जुलै-ऑगस्टमध्ये तेरडा, सीतेची आसवे आणि कितीतरी अल्पायुषी वनस्पतींनी भरून जातो, त्यावरच्या डबक्यांत बेडूक आणि कीटक वाढतात आणि कातळात मुरलेले पाणी पुढे खालच्या वाडीतील झऱ्यांना व विहिरींना मिळते. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत अशी जमीन ‘ओसाड’ म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो. राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तर कातळशिल्पेही आहेत आणि कोकणातील कातळशिल्पांच्या ज्या स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला आहे, त्यांत बारसूचे नाव आहे.

पाहणी आणि अंदाज कोणत्या ऋतूचे आहेत, हाच प्रश्न समुद्राच्या बाजूनेही विचारावा. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आणि खाडीतील कांदळवनांपर्यंत पोहोचले होते. तेलगळतीचा अंदाज अहवालात कोणत्या महिन्यांतील वारा आणि प्रवाह गृहीत धरून काढला आहे, सांडपाण्याची नळी ओहोटीच्या रेषेपासून किती अंतरावर व किती खोलीवर सोडली जाणार आहे आणि तिथे कोणती जाळी लागतात, हे मच्छीमारांनी स्वतः तपासावे. याशिवाय गोडे पाणी कोणत्या धरणातून येणार, साठवण टाक्यांना आग लागल्यास धोक्याच्या कक्षेत कोणती वाडी येते आणि तेलकट गाळाची विल्हेवाट कुठे होणार, ही उत्तरे अहवालात आहेत का, ते पाहावे.

हरकतीतील प्रत्येक परिच्छेदात अहवालाचा पृष्ठ क्रमांक, तिथले विधान, आपले निरीक्षण आणि आपली मागणी या चार गोष्टी याव्यात. उदाहरणार्थ: ‘पृष्ठ अमुक येथे गट क्रमांक अमुकवर पाण्याचा स्रोत नसल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात तेथील झऱ्याला जूनपासून जानेवारीपर्यंत पाणी असते आणि त्यावर इतकी घरे अवलंबून आहेत. तारखेसह छायाचित्रे जोडली आहेत. पावसाळ्यातील सर्वेक्षण केल्याशिवाय हा अहवाल अंतिम करू नये.’ एकाच मजकुराच्या शेकडो छापील प्रती देण्यापेक्षा दहा वाड्यांची दहा वेगवेगळी निरीक्षणे अधिक उपयोगी पडतात, कारण प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. हरकत सुनावणीआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि त्याची प्रत सुनावणीला सोबत न्यावी.

सुनावणीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या प्रतिनिधीकडे असते, संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते आणि उपस्थित प्रत्येकाला माहिती विचारण्याची संधी द्यावी लागते. गणसंख्येची अट नसल्यामुळे गावाने बहिष्कार टाकला तरी सुनावणी पूर्ण झाली असे मानले जाऊ शकते. बहिष्काराचा निर्णय घेताना हे लक्षात ठेवावे आणि निदान लेखी हरकती तरी नोंदवाव्यात. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणे आवश्यक असते. त्या वेळी सभा सोडून जाऊ नये. आपला मुद्दा गाळला गेला असेल, तर तिथेच उभे राहून दुरुस्ती मागावी.

पुढे तज्ज्ञ समितीच्या बैठकीचे इतिवृत्त ‘परिवेश’वर येते. गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर, दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केले की समितीने हरकतींचा विचार केल्याचे कारणांसह दिसले पाहिजे. इतिवृत्तात आपल्या मुद्द्यांचा उल्लेखच नसेल, तर हा निकाल उपयोगी पडतो. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो, त्यानंतर नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यात आहे. मंजुरीची माहिती प्रकल्पचालकाला स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. ते कात्रण मिळाल्याच्या दिवशीच पोच असलेली हरकत, इतिवृत्त आणि छायाचित्रे एकत्र करून वकिलाकडे द्यावीत.