बोर्ड गेम खेळायला कटान काढायचा की तिकीट टू राइड?

आधी डोकी मोजा. कटानचा मूळ डबा ३-४ जणांचाच. पाचवा आला की वेगळा विस्तारसंच लागतो. तिकीट टू राइड २ ते ५ जणांत चालतो, तासाभरात आटोपतो. नवखे असतील तर हाच. पाळीत पत्ते उचला, नकाशावरच्या मार्गावर रेल्वेचे डबे मांडा किंवा नवी तिकिटं (कोणती दोन शहरं जोडायची ते सांगणारे पत्ते) घ्या, बस्स. फसगत होते ती हावरटपणाने जास्त तिकिटं ठेवल्यावर, कारण अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात.

कटानला ‘वीट घे, मेंढी दे’ अशी मालाची घासाघीस करणारी मंडळी हवीत. त्यात सुरुवातीच्या वस्त्या २ किंवा १२ च्या आकड्यांवर टाकणारा हात चोळत बसतो: वस्तीशेजारचा आकडा फाशांवर पडला तरच माल मिळतो, आणि दोन फाशांच्या ३६ शक्यतांत हे आकडे एकेकदाच, ६ आणि ८ मात्र पाच-पाचदा.