एकास एक असेल तर जा: गुणी विंगरला निर्णय शिकवण्याची पद्धत

पंधरा-सोळा वर्षांचा विंगर, म्हणजे फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेने हल्ला करणारा खेळाडू. पहिल्याला हुलकावणी देतो, दुसऱ्याच्या पायांतून चेंडू काढतो आणि तिसऱ्याच्या पायात नेऊन देतो. कडेवरून ‘सोड, सोड!’ असा ओरडा सुरू. अशा मुलाबाबत प्रशिक्षक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर ‘दोन टचच्या वर चेंडू ठेवायचा नाही’ असा दंडक घालतात, आणि वर्षभरात संघाला आणखी एक साधासुधा मिडफिल्डर मिळतो. नाही तर ‘उपजत आहे, खेळू द्या’ म्हणून सोडून देतात, आणि तो एकोणिसाव्या वर्षीही पंधराव्या वर्षासारखाच खेळतो. आमचं मत असं: चकवायचं कसं, यात प्रशिक्षकाने बोटही घालू नये, धोका कुठे आणि कधी पत्करायचा, हे मात्र पद्धतशीर शिकवावं. आठवड्यातून तीन सराव धरले तर सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसायला लागतो.

घाई करणाऱ्यांनी एक आकडेवारी समोर ठेवावी. क्रिस्तियानो रोनाल्डो ऑगस्ट २००३ मध्ये अठराव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला आला. पायातलं कसब तेव्हाही डोळे दिपवणारं होतं. सगळ्या स्पर्धा मिळून त्याचे हंगामवार गोल असे: ६, ९, १२, २३ आणि २००७-०८ मध्ये ४२. पहिली तीन वर्षं व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसननी त्याला विंगवर खेळवत ठेवलं, चुका सहन केल्या. शेवटच्या दोन उड्या नव्या हुलकावण्यांमुळे आलेल्या नाहीत.

आधी तीन सामने फक्त नोंद

सरावात काहीही बदलण्याआधी तीन सामने कागद-पेन्सिल घेऊन बसा. हे काम सहायकाला द्या; मुख्य प्रशिक्षकाला सामना चालवताना ते जमत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात त्या खेळाडूला प्रत्येक वेळी चेंडू मिळाला की चार गोष्टी टिपायच्या: कुठे मिळाला, येण्याआधी मान वळवून पाहिलं का, काय केलं, आणि त्याहून बरा पर्याय समोर होता का.

याच्याच शेजारी दोन वेगळे रकाने ठेवा, एक निर्णयाचा आणि एक अंमलबजावणीचा. समोर एकटा बचावपटू, बाजूला स्ट्रायकर (मधला, गोल करणारा खेळाडू) मोकळा. विंगरने पास दिला, पण तो अर्धा मीटर मागे पडला. निर्णय बरोबर, अंमलबजावणी चूक. उलट उदाहरण: दोन सहकारी लांबच्या खांबापाशी मोकळे असताना त्याने गोलरेषेजवळच्या बंद कोनातून फटका मारला आणि चेंडू आत गेला. निर्णय चूक, अंमलबजावणी अफलातून. बहुतेक प्रशिक्षक इथेच घसरतात. गोल झाला की टाळ्या आणि चेंडू गेला की ओरडा, असा हिशेब असेल तर मूल निर्णय शिकत नाही, नशिबाचा अंदाज शिकतं.

तीन सामन्यांनंतर कागद वाचला की चुका साधारण तीन प्रकारांत पडतात. काही मुलं बघतच नाहीत. काही बघतात, पण पहिल्या टचनंतर डोकं खाली जातं ते वर यायला उशीर होतो. आणि काहींना सगळं दिसतं, तरी पास द्यायचा नसतो, कारण सहकाऱ्यावर भरवसा नाही किंवा टाळी हवी आहे. तिघांना औषध वेगळं. पहिल्या प्रकारच्या मुलाला ‘स्वार्थी’ म्हणून झापलं तर तो नुसता गोंधळतो. त्याला मोकळा सहकारी दिसलेलाच नसतो.

मैदानाची वाटणी

पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटर धरा. त्याचे ३५ मीटरचे तीन पट्टे होतात. पेनल्टी बॉक्स ४०.३ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही कडांना बॉक्सच्या बाहेर जवळजवळ १४ मीटरची मोकळी पट्टी उरते. विंगरचं खरं राज्य तिथे, शेवटच्या ३५ मीटरमध्ये.

शेवटच्या पट्ट्यात, कडेला, समोर एकच बचावपटू: जायचंच. परवानगी विचारायची नाही, आणि चेंडू गेला तर कोणी बोलणार नाही. समोर दोघे: दोघांनाही आपल्याकडे ओढायचं आणि चेंडू सोडायचा, कारण दोघे इथे आले म्हणजे दुसरीकडे एक कमी आहे. बॉक्समध्ये: आधी गोल बघायचा, मग गोलरेषेवरून मागे कापून द्यायचा पास (कटबॅक), ड्रिबलिंग सर्वांत शेवटी. मधल्या पट्ट्यात तोंड गोलकडे असेल आणि पुढे एकच माणूस असेल तरच पळायचं. पाठ गोलकडे असेल तर चेंडू मागे देऊन पुन्हा मागायचा. आपल्या ३५ मीटरमध्ये कसरती नाहीत. एवढेच नियम, आणि ते एका पोस्टकार्डावर मावले पाहिजेत.

यामागचं कारण मुलाला स्पष्ट सांगा. प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरपाशी चेंडू गेला तर त्यांना आपल्या गोलपर्यंत ऐंशी-नव्वद मीटर यायचं असतं आणि आपला संघ चेंडूच्या मागे असतो. तोच चेंडू मध्यभागी, आपला फुलबॅक (कडेचा बचावपटू) वर गेलेला असताना गेला, तर दोन पासमध्ये ते बॉक्समध्ये असतात. सामन्याचा शेवट जवळ आला, आपण एका गोलने पुढे असलो तर मोजमाप बदलतं: तेव्हा कडेचं एकास एकही कॉर्नरकडे वळवून वेळ काढायला वापरावं. हा अपवाद वेगळा सांगावा लागतो, मुलं तो आपणहून ओळखत नाहीत.

आता एक गोष्ट जी विंगरच्या हातात नाही. तो एकास एक भिडतो तेव्हा त्याच्या मागे पांघरूण आहे का? त्याच बाजूचा मिडफिल्डर १० ते १२ मीटर मागे आणि थोडा आत हवा, दोन्ही सेंटरबॅक (मधले बचावपटू) आणि पलीकडचा फुलबॅक जागेवर हवेत. फुलबॅकही विंगरला वळसा घालून पुढे धावला आणि मागे कोणीच नाही, तर प्रत्येक हुकलेली हुलकावणी प्रतिहल्ला होते आणि दोष विंगरच्या नावावर लागतो. स्वातंत्र्य द्यायचं ठरवलं असेल तर त्याची किंमत बाकीच्या संघाने आधीच भरून ठेवावी लागते. ज्यांच्याकडे ही मांडणी नाही, त्यांनी मुलाला दटावण्याआधी ती करावी.

नजर

चेंडू पायाशी येण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून पाहतो, यावर नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. इंग्लिश प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांमध्ये जास्त पाहणाऱ्यांचे पासही जास्त यशस्वी ठरलेले दिसले. सरावासाठी याचा अर्थ सोपा आहे: एकदा पास देणारा चेंडूला पाय लावण्याआधी बघायचं, दुसऱ्यांदा चेंडू वाटेत असताना. टचच्या क्षणी मात्र नजर चेंडूवरच.

मागे उभं राहून रंगीत बिब (सरावात जर्सीवर घालायची बंडी) दाखवायची आणि खेळाडूने रंग ओरडायचा, हा सराव सगळीकडे चालतो. त्याने मान वळते, पण मूल रंग शोधायला शिकतं, बचावपटू वाचायला नाही. त्याऐवजी १२ बाय १२ मीटरचा चौकोन आखा. विंगरच्या पाठीमागे खरा बचावपटू ठेवा. पास निघाला की त्याने एक तर अंगाला येऊन भिडायचं किंवा चार मीटर लांब थांबायचं, विंगरला न सांगता. भिडला तर चेंडू एका टचमध्ये परत किंवा त्याच्या अंगावर टेकून वळण. लांब असेल तर अंग मैदानाकडे उघडून वळायचं आणि थेट त्याच्यावर जायचं. आठ चेंडू, तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. थकलेलं मूल बघणं सोडून देतं, म्हणून हा सराव सुरुवातीला, वॉर्मअपनंतर लगेच घ्या.

दोन खेळ

पहिला खेळ दोनास एकचा, जो मध्येच दोनास दोन होतो. जागा २५ बाय २० मीटर, एक गोल, गोलकीपर. विंगर कडेवरून चेंडू घेऊन निघतो, स्ट्रायकर मध्ये, समोर एक बचावपटू. दुसरा बचावपटू विंगरच्या पाच मीटर मागून सुटतो, म्हणजे विचार करायला वेळ मर्यादित. हल्ला आठ सेकंदांत संपवायचा. पास देण्याचं अंतर इथे शिकवा: बचावपटू साधारण दोन मीटरवर असताना चेंडू सुटला पाहिजे. आधी सोडला तर तो सरकून स्ट्रायकरला गाठतो. उशीर केला तर त्याचा पाय चेंडूला पोचतो.

या खेळात एक हमखास बिघाड होतो. पासने झालेल्या गोलला दोन गुण ठेवले की मूल दर वेळी पासच देतं. निर्णय संपला, हिशेब उरला. म्हणून गुण सगळ्या गोलांना सारखे ठेवा आणि बदल बचावपटूच्या कानात सांगा: ‘या फेरीत पासची वाट अडव’, पुढच्या फेरीत ‘अंगावर जा’. मग विंगरला उत्तर आधीपासून ठरवता येत नाही, समोरच्याला वाचावंच लागतं.

दुसरा खेळ सहास सहा, ५० बाय ३५ मीटर, दोन्ही कडांना सात मीटरच्या पट्ट्या. विंगरला पट्टीत चेंडू मिळाला की पहिले तीन सेकंद एकच बचावपटू आत येऊ शकतो. दोन आठवड्यांनी हे बंधन काढा. आता दोघे धावून येतील आणि आतली जागा उघडी पडेल. ती त्याने स्वतः शोधेपर्यंत तोंड बंद ठेवा. पाच मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं. आपल्याकडे बराच सराव जाळी लावलेल्या छोट्या टर्फवर होतो. तिथे जाळीला आपटून चेंडू परत येतो आणि विंगरला कडेच्या रेषेचं भानच राहत नाही. जाळीपासून दोन मीटर आत कोन मांडा आणि रेषा पाळा.

रोनाल्डोच्या बाबतीत वॉल्टर स्मिथ युनायटेडचे सहप्रशिक्षक असताना सरावात त्याच्यावरचे फाउल न देण्याचा प्रकार झाला. सुरुवातीला तो वैतागला, मग चेंडू लवकर सोडू लागला. ही युक्ती ऐकायला झकास आहे, पण वाढत्या वयाच्या मुलांवर वापरू नका. घोटे आणि गुडघे जातात. तोच परिणाम मागून सुटणाऱ्या बचावपटूने मिळतो.

अनुकरण करायचंच तर युनायटेडचेच एक प्रशिक्षक रेने म्युलेनस्टीन यांच्या कामाचं करा. २००७-०८ च्या सुरुवातीला पोर्ट्समथविरुद्ध लाल कार्ड मिळून रोनाल्डो तीन सामने बाहेर होता, तेव्हा त्यांनी त्याच्याबरोबर फिनिशिंगवर, म्हणजे गोलवर फटका मारण्यावर, स्वतंत्र काम केलं. बॉक्सच्या परिसराचे भाग पाडले आणि कुठल्या भागात चेंडू आला तर कुठला फटका, हे पक्कं केलं. प्रत्येक गोल देखणा असायला हवा, हा हट्ट कमी करणं हा त्यातला महत्त्वाचा धागा होता. तुमच्या विंगरसाठीही बॉक्सचे तीन भाग पुरे: गोलच्या समोर एका टचचा फटका, बाजूच्या कोनात जमिनीलगत लांबच्या खांबाकडे, बॉक्सबाहेर दोन टच चालतील. प्रत्येक भागातून दहा चेंडू, आठवड्यातून दोनदा.

काय बोलायचं

चेंडू त्याच्या पायात असताना बाहेरून एकही सूचना नको. ‘पास!’ ओरडलात तर निर्णय तुम्ही घेतला. सरावात खेळ थांबवायचा तर सत्रात दोन-तीनदाच, आणि तेव्हाही ‘पास का नाही दिलास?’ असं विचारू नका. तो सफाई देत बसतो. ‘काय दिसलं?’ विचारा. ‘सर, राहुल मोकळा होता, पण त्याच्या डाव्या पायावर द्यावा लागला असता’ हे उत्तम उत्तर आहे, मग चेंडू गेलेला का असेना. ‘माहीत नाही सर’ म्हणजे बघितलंच नाही. नजरेच्या सरावाकडे परत.

व्हिडिओला मोबाइल पुरतो, पण तो उंचावरून धरा. चार ते सहा तुकडे, निम्मे तरी चांगले, आवाज बंद. निर्णयाच्या एक सेकंद आधी चित्र थांबवा आणि पुढे काय करशील ते विचारा. घरच्यांनाही सांगून ठेवा. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या शहरात पायांतून काढलेल्या चेंडूला जेवढी टाळी मिळते तेवढी साध्या कटबॅकला मिळत नाही, आणि मूल ते ऐकत असतं. हुकलेल्या हुलकावणीनंतर लगेच त्याला बदलू नका. बदलायचंच असेल तर पाच-सात मिनिटं जाऊ द्या, नाहीतर तो एकच धडा शिकतो.

आठ आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरा. मधल्या पट्ट्यात गमावलेले चेंडू निम्म्यावर यायला हवेत. शेवटच्या पट्ट्यातले एकास एकचे प्रयत्न तेवढेच राहायला हवेत, किंवा वाढायला हवेत. ते कमी झाले असतील तर मूल सुधारलेलं नाही, घाबरलं आहे. अशा वेळी पुढच्या दोन सामन्यांत त्याला एकच काम द्या: कडेला पाच वेळा भिडायचं, निकाल काहीही येवो.

आणि पास वाढूनही गोल वाढत नसतील तर कागदावर स्ट्रायकरचा रकाना उघडा. विंगर गोलरेषेवर पोचतो तेव्हा जवळच्या खांबाकडे एक धाव, पेनल्टी स्पॉटकडे थांबून येणारी दुसरी आणि लांबच्या खांबाकडे तिसरी, अशा तीन धावा नसतील तर त्याच्यापुढे ड्रिबलिंगशिवाय पर्यायच नसतो. वरच्या दोन्ही खेळांत स्ट्रायकर आणि पलीकडच्या विंगरलाही रोज उभं करा.