भागीदार कंपनीला ग्राहकांचा डेटा देताना या चुका टाळा

दोन कंपन्यांनी डेटा वाटून घ्यायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "प्रायव्हसीचं लीगल टीम बघतेय." झालं, इंजिनिअर मंडळी निर्धास्त. जोडणी तपासायला माझ्याकडे येते तेव्हा करार जाडजूड असतो, पण जी फाइल पलीकडे जाणार ती कुणी उघडून पाहिलेली नसते. म्हणून मी करार नंतर वाचतो. आधी त्या फाइलची एक ओळ मागतो.

"हॅश केलंय, म्हणजे निनावी झालं"

या वाक्याने माझं डोकं फिरतं. एकदा दोन कंपन्यांना आपले सामाईक ग्राहक किती, एवढंच मोजायचं होतं. एकीने मोबाइल नंबरांचे एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढून फाइल तयार ठेवली होती. हॅश म्हणजे एकाच मजकुरातून दरवेळी तीच निघणारी, थेट उलट फिरवता न येणारी अक्षरांची माळ. फाइलच्या नावातच 'अनॉनिमस' होतं. मी म्हटलं, पाठवायच्या आधी मला द्या. दहा आकडी नंबर म्हणजे शक्यता फार तर १,००० कोटी. ऐकायला अफाट, पण संगणकाला किरकोळ. एकेका नंबराचा हॅश काढत जायचा आणि फाइलशी ताडून पाहायचा, बस. बैठक संपायच्या आत लॅपटॉपवर नंबर उलगडायला लागले. प्रॉडक्ट मॅनेजरने आपला नंबर आहे का ते शोधायला लावलं. होता. तरीही एकाचं म्हणणं, "पण एवढा उपद्व्याप करणार कोण?"

करतात की. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची माहिती खुली झाली. त्यात टॅक्सीचे आणि चालकांचे परवाना क्रमांक एमडी५ या पद्धतीने हॅश केलेले होते. क्रमांकांचा साचा ठरलेला, त्यामुळे शक्यता मोजक्या. एका प्रोग्रॅमरने काही तासांत सगळे उलटवून दाखवले.

इथे हमखास उत्तर येतं, "मग सॉल्ट घालू," म्हणजे हॅश काढण्याआधी नंबराला एक गुप्त मजकूर जोडू. घाला, पण जुळवणी करायची तर सॉल्ट दोघांकडे एकच हवा. म्हणजे ज्याच्यापासून नंबर लपवायचा त्याच्याच हातात सॉल्ट. अशा कामाला प्रायव्हेट सेट इंटरसेक्शन वापरा. दोन्ही बाजू आपापल्या गुप्त किल्लीने नंबर बंद करतात, मग एकमेकांची यादी आपल्या किल्लीने पुन्हा बंद करतात. दोनदा बंद झालेलं जे जुळेल ते मोजायचं. मूळ नंबर कुणालाच दिसत नाहीत. गूगलने या पद्धतीवरचा आपला कोड २०१९ मध्ये खुला केला, म्हणजे गणित स्वतः लिहायचीही गरज नाही. "दोन आठवडे जास्त लागतील," ही तक्रार मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

हॅशचा शहाणा वापर पाहायचा असेल तर फुटलेले पासवर्ड तपासणारी 'हॅव आय बीन पोन्ड' ही सेवा पाहा. २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या मदतीने तिथे सोपी युक्ती आली. तुमच्या पासवर्डच्या हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं पलीकडे जातात. त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो हॅशचा उरलेला भाग परत येतो आणि जुळणी तुमच्याच मशीनवर होते. तुम्ही नेमका कोणता पासवर्ड विचारलात, हे सेवेला कळतच नाही. भागीदाराला उत्तर देण्यापुरतंच कळावं, ते असं.

नाव आणि ई-मेलचे रकाने उडवले की काम झालं

नाही झालं. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धेसाठी सुमारे पाच लाख ग्राहकांची रेटिंग्ज नावं काढून दिली होती. संशोधकांनी ती आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवरच्या उघड रेटिंग्जशी ताडून काही माणसं ओळखून दाखवली. २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द करावी लागली. तारीख, ठिकाण आणि आवडनिवड एकत्र आली की नावाची गरज उरत नाही.

"नंतर लागेल" म्हणून अख्खं टेबल पाठवणं

नंतर लागलं तर नंतर द्या.

"डिलीट केलं" या ई-मेलवर विसंबणं

केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुक वापरणाऱ्यांचा डेटा गेल्याचं प्रकरण सगळ्यांना आठवतं, त्यातला हा भाग मात्र कुणाला आठवत नाही. डेटा बाहेर गेल्याचं फेसबुकला २०१५ मध्येच कळलं होतं. त्यांनी तो नष्ट करायला सांगितलं, तसं लेखी प्रमाणपत्रही घेतलं आणि विषय मिटवला. २०१८ मध्ये बातम्या आल्या. आकडा ८.७ कोटी लोकांपर्यंत गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ५०० कोटी डॉलरचा दंड लावला.

कागद घ्याच, पण मी सोबत तीन गोष्टी विचारतो: बॅकअप किती दिवस राहतात, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, काय उरलंय, आणि तुमच्या पुढच्या व्हेंडरकडे कॉपी गेली का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा "विचारून सांगतो" असं उत्तर येतं. आणि भागीदार बदलला की त्याच्या सिस्टिमला तुमच्याकडे प्रवेश देणारी एपीआय की त्याच दिवशी रद्द करा. करार संपून वर्ष झालं तरी की चालू, असं मी पाहिलंय.

विश्वास दोघांत वाटायचा आणि लॉग एकाच ठिकाणी ठेवायचे

इंटरनेट वापरताना ओळख लपवणाऱ्या ॲपलच्या आयक्लाउड प्रायव्हेट रिले या सेवेत पहिला टप्पा ॲपल चालवते, दुसरा वेगळी कंपनी. पहिल्याला तुमचा आयपी पत्ता दिसतो पण साइट दिसत नाही. दुसऱ्याला साइट दिसते, मूळ आयपी नाही. ऑब्लिव्हियस एचटीटीपी हे २०२४ मधलं मानकही याच तत्त्वावर चालतं. त्याचा सगळा डोलारा रिले (पहिला टप्पा) आणि गेटवे (दुसरा टप्पा) आपापसात माहिती जुळवणार नाहीत, या एका अटीवर उभा आहे. आता दोन्ही सर्व्हर एकाच क्लाउड खात्यात टाकून दोन्हींचे लॉग एकाच डॅशबोर्डवर आणले, तर उरलं काय? फक्त जास्तीचा विलंब. डीबगिंगच्या घाईत हे सर्रास होतं.

थोडक्यात आणखी काही

टेस्टिंगसाठी खरा डेटा नको. कधीच नको.

पासवर्ड लावलेली एक्सेल आणि पाठोपाठच्या ई-मेलमध्ये तिचा पासवर्ड: ही सुरक्षा नव्हे.

युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यात डेटा फुटल्याचं कळल्यावर नियामकाला कळवायला ७२ तास आहेत, पण डेटा हाताळणाऱ्या व्हेंडरने तुम्हाला "विनाविलंब" कळवावं, एवढंच म्हटलंय. तिथे तासांचा आकडा नाही. तो करारात तुम्ही घाला, आणि रविवारी रात्री उचलला जाईल असा फोन नंबरही.

एसडीके डीफॉल्ट सेटिंगवर सोडणं

एसडीके म्हणजे दुसऱ्या कंपनीने आपल्या ॲपमध्ये किंवा साइटवर बसवायला दिलेला तयार कोड. नवशिके इंजिनिअर इथे नेमके घसरतात. दस्तऐवजातल्या दोन ओळी चिकटवल्या, डॅशबोर्ड हलायला लागला, तिकीट बंद. तो एसडीके काय काय उचलतोय, हे कुणी पाहायचं? अमेरिकेत औषधांवर सवलती मिळवून देणाऱ्या गुडआरएक्सला २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड बसला, तो वापरणाऱ्यांची आरोग्याशी संबंधित माहिती जाहिरात कंपन्यांपर्यंत गेली म्हणून.

माझी सवय अशी: फॉर्ममध्ये जगात दुसरीकडे कुठेही नसेल असा बनावट ई-मेल टाकायचा, मधे प्रॉक्सी, म्हणजे ये-जा करणारा सगळा डेटा दाखवणारा प्रोग्रॅम, लावायचा आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत तो शोधायचा, यूआरएल आणि पानाच्या शीर्षकासकट. बेस६४ पद्धतीने वेगळ्या अक्षरांत लिहिलेला आणि हॅश केलेलाही शोधायचा, कारण तो त्या वेषातही जातो. सापडला तर रिलीज थांबवायची आणि भागीदाराच्या इंजिनिअरला थेट फोन करायचा, सेल्सवाल्याला नाही. आणि एसडीकेची आवृत्ती बदलली की हे सगळं पहिल्यापासून.