जुन्या ओट्यात बसणारी धुराड्याची चूल : परवडणारी खरेदी कशी करावी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आणि पलीकडे चंदगडच्या कडेला घरोघरी गॅस आला असला, तरी आंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण यांसाठी चुलीत जळण पेटतेच. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात, त्यामुळे धूर स्वयंपाकघरातच कोंडतो आणि तो सर्वाधिक सोसावा लागतो चुलीपुढे बसणाऱ्या बाईला व तिच्या मांडीवरच्या मुलाला. जुना ओटा न मोडता त्यातच लोखंडी चूल बसवून धूर छपरावर काढता येतो. मात्र पैसे मोजके असतील तर ते आधी धुराड्यावर खर्च करावेत आणि उरलेल्यात चूल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण चांगल्या चुलीला वाईट धुराडे जोडले, तर धूर पुन्हा घरातच येतो.

धुराड्यातील गरम हवा वर चढते, तेव्हा चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ पाईपच्या उंचीवर आणि सरळपणावर अवलंबून असते. घरगुती चुलीला साधारण ४ इंच व्यासाचा पाईप पुरतो. त्यात कोपर शक्यतो एकही नसावा आणि असलाच तर तो काटकोनाचा नसावा. पाईप छपराबाहेर निघतो तेथून किमान ३ फूट वर जावा, आणि १० फुटांच्या परिघात येणाऱ्या आढ्यापेक्षा किंवा भिंतीपेक्षा त्याचे तोंड २ फूट उंच असावे, नाहीतर वाऱ्याचा झोत धूर उलटा आत लोटतो. कौलारू घरात सर्वांत मोठा धोका वाशांचा आणि रिपांचा असतो. एकेरी पत्र्याच्या पाईपपासून लाकूड दीड फूट दूर हवे; तेवढी जागा नसेल तर मध्ये हवा खेळेल अशा रीतीने पत्र्याची ढाल बसवून घ्यावी. स्वस्त मिळतात म्हणून ॲस्बेस्टॉसचे जुने पाईप घेऊ नयेत, कारण ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. जस्ती पाईप वरच्या भागाला चालतो, पण चुलीलगतचा पहिला तुकडा साध्या काळ्या लोखंडाचाच असावा; अति उष्णतेत जस्ताचा लेप जळून त्याचा विषारी धूर निघतो.

चूल तयार घेण्यापेक्षा वेल्डिंगच्या दुकानात मापाने करून घेणे आपल्याकडे बहुधा स्वस्त पडते. त्यासाठी ओट्यातील पोकळीची रुंदी, खोली आणि उंची तीन ठिकाणी मोजावी, कारण मातीचा ओटा क्वचितच काटकोनात असतो, आणि सर्वांत लहान मापातून सर्व बाजूंनी अर्धा इंच वजा करावा. तापल्यावर लोखंड पसरते. ती फट पुढे माती आणि राखेच्या मिश्रणाने भरता येते, सिमेंटने भरल्यास तडे जातात. जाळाजवळचा पत्रा ३ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावा. कारागीर किलोवर दर सांगत असेल, तर अशा पत्र्याचे वजन चौरस फुटाला सुमारे २.२ किलो भरते, हे लक्षात ठेवून हिशेब पडताळावा. पातळ पत्रा घेण्यावाचून इलाज नसेल, तर आतून भाजक्या विटांचे अस्तर लावावे. खाली जाळी मात्र बिडाचीच घ्यावी, आणि बेळगावात ओतकामाचा धंदा जुना असल्याने ती शोधायला फार फिरावे लागत नाही. चूल ताब्यात घेण्यापूर्वी अंधारात तिच्या आत टॉर्च लावून ठेवावी. ज्या सांध्यातून उजेड दिसेल, तेथून उद्या धूरही निघेल.

भाकरीचा विचार घरातील बाईला विचारूनच करावा. धुराड्याची ओढ जास्त असली की जाळ मागे पळतो, पुढचा तवा नीट तापत नाही, आणि मग नवी चूल पडून राहून जुनी पुन्हा पेटते. म्हणून पाईपमध्ये हाताने फिरवता येणारी झडप हवी आणि मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या मागच्या तोंडावर, पाण्याचा हंडा बसेल एवढी जागा हवी.

आयएस १३१५२ हे भारतीय मानक उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठी आहे. त्यात नैसर्गिक हवेवरील चुलीची औष्णिक कार्यक्षमता (जळणाच्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा) किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी लागते. साध्या तीन दगडांच्या चुलीत ती १० टक्क्यांच्या आसपास राहते. उचलून नेता येणारी चूल घेताना या मानकाचा शिक्का पाहावा, पण वेल्डिंगच्या दुकानात केलेल्या चुलीवर कोणी तो दाखवत असेल तर त्यावर विसंबू नये. लोखंडाचा खर्चच झेपत नसेल, तर बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेली, धुराडे असलेली तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल) हा नमुना डोळ्यांपुढे ठेवून माती-विटांची चूल बांधून घ्यावी.

ओले जळण घातल्यास कोणतीही चूल धुरतेच, शिवाय पाईपमध्ये चिकट काजळी साचते आणि ती पेट घेऊ शकते. काजूची टरफले तर अजिबात घालू नयेत. त्यांतील तेलाचा धूर झोंबरा असतो. वैशाखात, मृगापूर्वी छपराचे काम उरकून घ्यावे आणि चूल रोज पेटत असेल तर पाईप दर महिन्याला झाडून काढावा.